मासे पाहायला जाते

"थांब वो, आधी मोजू दे."

दारातून कुणीही आत आलं की वहिनी एक तळहात उभा करायच्या. दुसऱ्या हाताचं बोट काचेपासून वीतभर दूर धरून मोजायला लागायच्या. मासे काही जागेवर थांबायचे नाहीत. सगळे मिळून एकदम वळले की वहिनींची मोजणी चुकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. नऊ भरले की हात खाली. "हं, बस आता. काय म्हणते?"

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्याकडे काही काम नसताना आपण जातो. साकोलीत आमच्या शेजारच्या वहिनी तशा होत्या. यजमान औषध कंपनीचे फिरते विक्रेते, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मूलबाळ नव्हतं. मी आसगावहून लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, त्या पस्तिशीच्या.

टाकी त्यांनी हमरस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली होती. लोखंडी अँगलची चौकट, त्यात काचा, कडेच्या फटींत लांबी भरलेली. एक कोपरा गळायचा, तिथे कायम वाटी ठेवलेली. आत झेब्रा जातीचे मासे, बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे. यजमानांनी ते नागपूरहून पाण्याच्या पिशवीत घालून, एसटीत मांडीवर धरून आणलेले. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसूच आलं.

"वहिनी, आमच्या गावच्या बोडीत, तळ्यात असे टोपलंभर सापडतात. आम्ही तव्यावर टाकतो."

वहिनींनी टाकीपुढे पदर धरला. "हळू बोल वो, ऐकतीन ते!"

उन्हाळ्यात दुपारी वीज जायची, हवेचा पंप बंद पडायचा. मग वहिनी स्टुलावर उभ्या राहून तांब्यानं टाकीतलंच पाणी काढून उंचावरून पुन्हा टाकीत सोडायच्या. तास तासभर. हात भरून आले की भिंतीपलीकडून मला हाक. एकदा एका माशावर पांढरे ठिपके उठले, म्हणून त्याला मिठाच्या पाण्यात, बरणीत वेगळा ठेवला. दोन दिवस त्यानं काही खाल्लं नाही. वहिनीही धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला परत टाकीत सोडला. "बिमारी गेली चुलीत. एकटा काहून राहीन तो?"

एके दिवशी मी सामानाच्या पुडीचा कागद वाचत असताना त्यांनी पाहिलं. किती शिकलीस, विचारलं. नववी, मी म्हटलं. दहावीच्या वर्षी शाळा सुटली. आठवड्याभरात वहिनींनी शाळेतून सतरा नंबरचा फॉर्म आणला, बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा. "भर. दहावी झाली का मास्तरणीचं ट्रेनिंग करता येते."

घरी विचारायची सोय नव्हती. सुनेनं पुस्तक हातात घेतलं म्हणजे भात करपलाच, असं सासूबाईंचं मत. म्हणून रोज दुपारी मी "मासे पाहायला जाते" म्हणून निघायचे. सासूबाई म्हणायच्या, "एवढाल्या मासोळ्या, एका वक्ताचं कालवण बी नाही होत. पाहून काय राहिली रोज रोज?" पण जाऊ द्यायच्या. माझी पुस्तकं वहिनींच्या तांदळाच्या डब्यामागे असायची. टाकीशेजारी बसून मी गणितं करायची आणि वहिनी तांदूळ निवडत माझ्याकडून इतिहासातली उत्तरं म्हणवून घ्यायच्या. बहुतेक उत्तरं माझ्याआधी त्यांनाच पाठ झाली.

जानेवारीत मी सहज बोलून गेले, "ट्रेनिंगले दोन वर्षं भंडाऱ्याले राहा लागन. मंग नोकरी कुठं लागते काय माहीत. साकोली सुटलीच समजा."

"हं," वहिनी म्हणाल्या. "सुटनच." त्या दिवशी त्यांनी इतिहास विचारला नाही.

परीक्षेच्या आधी हॉल तिकीट आणायला वहिनीच त्या शाळेत गेल्या. मी अंगणात पापड वाळत घालत होते. वहिनी आल्या, माझ्याकडे न पाहता आत गेल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "काकू, तुमची सून दहावीच्या परीक्षेले बसून राहिली. तुमाले माहीत असावं म्हणून आली."

मला वाटलं, त्या माझ्यासाठी परवानगी मागताहेत. खरंच तसं वाटलं. हातात ओला पापड धरून मी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. हुशार आहे, बसू द्या तिले, असं काहीतरी. ते वाक्य आलं नाही. वहिनींनी हॉल तिकीट सासूबाईंच्या हातात दिलं आणि आल्या तशा गेल्या.

घरात पुढे काय झालं ते सांगत बसत नाही. पहिल्या पेपरच्या दिवशी मी पवनीला होते, नणंदेच्या बाळंतपणासाठी पाठवलेली. पेपर अकराला होता. अकरा वाजता मी न्हाणीत दुपटी धूत होते.

परत आल्यावर वहिनी विहिरीवर भेटल्या. "ये ना वो. दोन मासे गेले. सातच राहिले." जणू मधे काही घडलंच नव्हतं. मी हंडा उचलून चालू लागले. त्यानंतर त्यांच्याकडे कधी गेले नाही. दुपारी वीज गेली की भिंतीपलीकडे पाणी पडल्याचा आवाज यायचा. थांबायचा. हाक मात्र यायची नाही. थोड्या वेळानं तो आवाज पुन्हा सुरू व्हायचा, आणि मी इकडे घट्ट बसून राहायची. दीडेक वर्षानं यजमानांची बदली झाली. सामानाचा ट्रक निघाला तेव्हाही मी बाहेर आले नाही.

दहावी मी दिली, पण चार वर्षं उशिरा. नवऱ्यानं स्वतः फॉर्म आणून दिला तेव्हा. पुढे ट्रेनिंग केलं, नोकरी लागली.

एकदा भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर बाकावर बसले होते, तर शेजारून आवाज आला, "ओळखलं का वो?"

केस पांढरे झालेले. यजमान वारले होते, आता नागपूरला भावाकडे राहत होत्या.

"मास्तरीण झाली म्हणे?"

"हो."

"शाळा कोणत्या गावी?"

"साकोलीजवळच. तिकडंच चालली."

"मले माहीतच होतं, होशीन तू." त्यांनी माझा हात धरला. मग खाली पाहत म्हणाल्या, "तवा ना, मी..."

इतकी वर्षं मी त्याच वाक्याची वाट पाहिली होती. पण ऐकवेना. "माझी गाडी लागली, वहिनी," म्हणत मी हात सोडवला.

माझी गाडी लागली नव्हती. समोर जी उभी होती तिच्यात चढले आणि खिडकीशी बसले. वहिनी हळूहळू चालत गाडीच्या पुढे आल्या. वर पाटीवर साकोलीऐवजी तुमसर लिहिलेलं त्यांनी वाचलं. मग माझ्या खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"सांभाळून जा वो," म्हणाल्या.