तामोरे मॅडमचं परासरण

"हे चालणार नाही," एफडीपीचे तज्ज्ञ म्हणाले आणि त्यांनी तामोरे मॅडमच्या फॉर्मवर लाल पेन फिरवलं.

एफडीपी म्हणजे प्राध्यापकांना शिकवायला शिकवणं. प्रमाणपत्र नसलं तर प्रमोशन अडतं, म्हणून बोईसरच्या आमच्या कॉलेजात सगळे हजर. 'विद्यार्थ्यांना बोलतं करा' या विषयावर तज्ज्ञ दोन दिवस एकटेच बोलले.

तिसऱ्या दिवशी डेमो लेक्चर, समोर खरे विद्यार्थी. आम्ही पर्मनंट मंडळी खुर्चीला चिकटून बसलो. उठल्या त्या तामोरे मॅडम. घिवलीच्या, मच्छीमार घरातल्या. माझ्या जीवशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर, म्हणजे दर वर्षी नव्याने नेमणूक.

विषय परासरण. पातळ पडद्यातून पाणी खारट बाजूला जातं, ते. मॅडमनी डब्यातून मीठ लावलेला मासा काढला. डब्यात पाणी साठलं होतं.

"हे पाणी कोणी ओतलं?"

"कोनी नाय, मॅडम," मागून एक मुलगी म्हणाली. "मीठ लावलं का मासाच पानी सोडतो."

"का सोडतो?"

वर्गात वाद जुंपला. सरावली गावच्या एकीने लोणच्याच्या कैऱ्यांचा दाखला दिला. वीस मिनिटांत व्याख्या मुलांनीच फळ्यावर लिहिली.

त्यावर तज्ज्ञांचा तो शेरा: लर्निंग आउटकमची, म्हणजे तासातून काय शिकणार याची, स्लाइड नाही. वास येतो. असमाधानकारक.

प्रिन्सिपॉलनी मला बोलावलं. "विभागप्रमुख तुम्ही. असा शेरा घेऊन मॅडमना पुढच्या वर्षी कसं घेऊ?"

"सर, मुलांना समजलं की."

"फॉर्ममध्ये तसा कॉलम आहे?"

नव्हता. मी दोनदा पाहिलं.

मॅडम स्टाफरूममध्ये डबा बंद करत होत्या. "जाऊ दे सर. सवय हाय आमाला."

मला राग आला. जास्त स्वतःचाच. पंचवीस वर्षं शिकवून डेमोला मी उठलो नव्हतो. तज्ज्ञांकडे जाऊन मी मॅडमसाठी दुसरी संधी मागितली आणि दुपारभर बसून बारा स्लाइड्स केल्या. पहिल्या तीनवर नुसते लर्निंग आउटकम.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्या ओळीने वाचून दाखवल्या. कोणी काही विचारलं नाही. दोघी जणी झोपल्या.

"बघा, वर्गाला किती शिस्त आली!" तज्ज्ञ खूश झाले. शेरा: उत्कृष्ट.

मॅडमची नेमणूक झाली. मलाही प्रमाणपत्र मिळालं. मी विद्यार्थी-केंद्रित अध्यापनात प्रशिक्षित आहे, असं त्यावर छापलंय. शिकलो मात्र एवढंच: आधी फॉर्म वाचावा, मग वर्गात जावं.