उपासाच्या दिवशीची गोळी

राहुरीजवळच्या एका वृद्धाश्रमात मी नर्स होते. औषधांचं रजिस्टर माझ्याकडे. खाडाखोड नाही, एकही खाना रिकामा नाही. राहील कसा? सकाळी ज्याच्या त्याच्या वाटीत गोळ्या टाकल्या की मी खुर्चीत बसून एका दमात सगळ्यांपुढे टिक मारायचे. कोणी गिळली, कोणी नाही, देव जाणे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

तिथं एक निवृत्त शिक्षक राहायचे, सगळ्यांचे गुरुजी. डॉक्टर महिन्यातून एकदा, गुरुवारी यायचे आणि रजिस्टर बघून प्रत्येकाचा तपासणीचा फॉर्म भरायचे. गुरुजींचं बीपी दर वेळी चढलेलं, रजिस्टर म्हणतंय गोळी रोज चालू. डॉक्टरांनी तीनदा डोस वाढवला.

तिसऱ्यांदा वाढवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गुरुजी न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडले. बीपी एकदम खाली गेलेलं. उचलताना त्यांच्या खिशातून एक गोळी निघाली.

"ही कालची. घेतली नाहीत?"

"काल गुरुवार, माझा उपास. चिठ्ठीवर न्याहारीनंतर लिहिलंय. न्याहारीच नाही, तर नंतर कसली?"

"मग सांगायचं नाही का मला?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. तीन दिवस गोळीच नाही आणि उरलेले चार दिवस घोड्याला देतात तेवढी. राग आला तो माझाच मला.

मी फोन केला तसे संध्याकाळी डॉक्टर आले. व्यवस्थापकही शेजारी उभे. "बाई, गोळी रोज जाते ना पोटात?" मी रजिस्टर उघडायला घेतलं. तेवढ्यात गुरुजीच कॉटवरून म्हणाले, "रोज घेतो. बाई समोर उभ्या राहून देतात."

"मग सोसत नाहीये. बंदच करू," म्हणत डॉक्टरांनी पेन काढलं.

बंद केली असती तर गुरुजी अर्धांगानं गेले असते. मी म्हणाले, "बंद नका करू. रजिस्टर खोटं आहे. उपासाला ते घेत नाहीत आणि मी न बघता टिक मारते."

डॉक्टरांनी पहिला डोस परत लिहिला, खाली 'रोज, उपासालाही' असं. व्यवस्थापकांनी मला काय काय ऐकवलं ते जाऊ द्या. लागलं ते गुरुजींचं. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणणारा माणूस माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलला, आणि मी ते चारचौघांत उघडं पाडलं.

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. गोळी मात्र रोज माझ्यासमोर गिळायचे, आणि शाळेतल्या पोरासारखं तोंड उघडून दाखवायचे.