पहिल्या अंकावरची सही

मला जुन्या वाङ्मयीन मासिकांचे पहिले अंक जमवायचा नाद आहे, त्यातही संपादकाची सही असलेले. पन्नास-साठ सालच्या सुमाराला मुंबईत अशी मासिकं कोणीही काढायचं. कारकून, मास्तर, नोकरी शोधणारी पोरं. दोन-चार अंकांत ती बंद पडायची. त्यामुळे पहिला अंक हाती लागणं कठीण, आणि सही करायला संपादक हयात असणं त्याहून कठीण.

मागच्या वर्षी लालबागला माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची चाळ पाडायला निघाली. आवराआवर करताना तिला माळ्यावर असा एक अंक सापडला. तो तिनं मला दिला. कडांचा भुगा झाला होता, पण पान न् पान शाबूत. त्या मासिकाबद्दल मी नुसतं ऐकून होते, दुसरी प्रत कोणाकडेच पाहिली नव्हती. चौकशी केली तर संपादक फणसवाडीत मुलीबरोबर राहत होते.

"या तुम्ही," मुलगी फोनवर म्हणाली, "पण बाबांना हल्ली फारसं आठवत नाही. सही करतील असं सांगू शकत नाही."

रविवारी सकाळी गेले. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी अंक त्यांच्या हातात दिला, पेन पुढे केलं आणि म्हटलं, "काका, इथे आतल्या पानावर सही कराल?"

त्यांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. दोन-तीन ओळी झाल्या असतील, एकदम म्हणाले, "कंपोझिटर झोपला होता काय?" आणि माझ्याच पेनानं एका शब्दावर काट मारून समासात दुरुस्ती लिहिली.

मी घाईनं म्हटलं, "काका, अहो हा छापून झालेला अंक आहे."

"व्हायचाय. म्हणून तर बघतोय."

त्या काळी 'कांहीं', 'नाहीं' असं लिहायचे. ते सगळे अनुस्वार त्यांनी उडवायला घेतले. "नवे नियम आलेत. तुम्हाला कोणी कळवलं नाही?"

अंक काढून घ्यायला मी हात पुढे केला. मुलीनं माझा हात हलकेच धरला. "राहू द्या ना," ती कुजबुजली. "किती दिवसांनी बाबा असे बोलतायत." तिचे डोळे भरून आले होते.

मी हात मागे घेतला. पुन्हा कधी मिळणार नाही अशी वस्तू डोळ्यांदेखत खराब होत होती आणि ती खराब करणारा तिचाच संपादक होता. त्याला काय बोलणार? एक कविता त्यांनी मोठ्यानं वाचली. "हिला हात लावायचा नाही," म्हणाले. मग स्वतःचं संपादकीय आलं. "फार लांबवलंय," म्हणत त्या अख्ख्या पानावर त्यांनी तिरकी रेघ ओढली.

शेवटचं पान मिटल्यावर मी विचारलं, "आता सही?"

"प्रूफावर कसली सही? दुसरं प्रूफ आणा, मग बघू."

घरी आल्यावर बरेच दिवस तो अंक उघडून बघवेना. मग एक दिवस काय वाटलं कोण जाणे, गिरगावातल्या एका टायपिंगवाल्याकडून सगळा मजकूर त्यांच्या दुरुस्त्यांसकट नव्यानं टाइप करून घेतला. तो घेऊन फणसवाडीत गेले, तोवर ते घरात पाय घसरून पडल्यामुळे अंथरुणाला खिळले होते.

"बाबा, दुसरं प्रूफ आलंय," मुलगी म्हणाली.

त्यांनी कागद उलटे धरले आणि माझ्याकडे बघून हसले, ओळख नसलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तसे. मी ती कविता वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"चांगली आहे. कोणाची?"

"तुमच्या मित्राची, बाबा," मुलगीच म्हणाली.

"बोलवा त्याला. अंकात घेऊ या."

मुलीनं माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. तो मित्र आता हयात नव्हता, हे मी समजले.

"हो काका, सांगते त्यांना," मी म्हटलं.

"कधी येतो म्हणाला?"

मुलीनं त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. "येतील हं, बाबा. तुम्ही पडा जरा," ती म्हणाली. ते दाराकडे बघत राहिले.