टेकडी पास झाली

सरकारी कचेरीत उभी हयात गेली, पण मला विद्या एकच नीट आली: साहेब तपासणीला येण्याआधी घाण दिसेनाशी करणे. फुटक्या कपाटाला पडदा लावायचा, गळक्या छपराखाली कुंडी ठेवायची, रस्त्यातल्या खड्ड्यावर मुरूम ओढायचा. निवृत्त होऊन मुरबाडकडच्या आमच्या गावी राहायला आलो, तेव्हा आता ही विद्या फुकट जाणार म्हणून थोडं वाईटही वाटलं होतं. ती फुकट गेली नाही. चुलतभावाच्या विहिरीच्या मुळावर आली.

गावाच्या वरच्या अंगाला रसायनांचा एक कारखाना होता. मालक फाटकाला कुलूप लावून निघून गेला, गाळ मात्र आवारातच ठेवून गेला. पावसाळ्यात तो झिरपत खाली भावाच्या खाचरात उतरतो. भाताची रोपं टोकाकडून करपतात, विहिरीच्या पाण्यावर तवंग धरतो. वहिनी पिण्याचं पाणी दुसऱ्या पाड्यावरून डोक्यावर आणते.

मग कळलं, की अशा नासलेल्या जमिनी साफ करून पुन्हा वापरात आणायला सरकार निधी देतं. गाळ उचलतील, खाचरातली माती बदलतील, विहीर उपसतील. अर्ज अर्थातच मी लिहिला. इतका फर्मास, की पाठवण्याआधी दोनदा वाचला, तो केवळ आनंदासाठी. उत्तर आलं: तपासणीला माणूस येईल, मातीचे नमुने घेईल, त्यात विष सापडलं तर प्रस्ताव पुढे जाईल.

त्या पत्रातला ‘तपासणी’ एवढाच शब्द मी वाचला असावा. हात शिवशिवायला लागले. आदल्या दिवशी ट्रॅक्टर सांगून टेकडीचा तांबडा मुरूम आणवला, कारखान्याच्या गंजून उघड्या पडलेल्या फाटकापासून आतपर्यंत जाड पसरला, पाणी मारून चोपून घेतला. दोन्ही कडांना चुन्याची फक्की ओढली. मध्यावर टेबल-खुर्ची.

भाऊ बघत उभा होता. ‘‘दादा, लगीन कोनाचं हाय?’’

‘‘तुला नाय कळायचं. साहेबाचा बूट चिखलात रुतला, की शेरा वाईट पडतो.’’

नमुने घेणारा माणूस सकाळपासून फिरून दमलेला होता. ‘‘कुठून घेऊ?’’ त्याने मलाच विचारलं. मी अदबीने खुर्चीजवळची जागा दाखवली. ‘‘इथं घ्या साहेब, कोरडं आहे.’’

भावाने माझी बाही ओढली. ‘‘दादा, त्याला खाली चरीकडं ने ना. पिवला गाल तिकडं हाय.’’

‘‘गप रे. आल्या आल्या पाहुण्याला घाण दाखवतात का?’’

साहेबाने चार पिशव्या भरल्या, चारही मुरमातून. चहा घेतला. इतकी नीटनेटकी जागा आजवर पाहिली नाही, असं जाताना म्हणाला. मी दिवसभर फुललेला होतो.

अहवाल आला: माती निर्दोष, निधीची गरज नाही. टेकडी पास झाली होती.

मी निधीच्या कचेरीत धावलो आणि टेबलामागच्या मुलीला मुरमाची सगळी हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘काका, म्हणजे नमुन्याची जागा तुम्ही मुद्दाम झाकलीत, असं लिहून देताय? द्या. चौकशी लागेल.’’ तिने कोरा कागद पुढे सरकवला. मी पेन उघडलं, आणि माझ्यातला जन्माचा कारकून जागा झाला. चौकशी, जबाब, पेन्शन. पेन मिटलं, नमस्कार केला, बाहेर आलो. भावाला सांगितलं, की ऐकून घेत नाहीत. हे खोटं मी आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

पुढे त्याच्यासाठी पाण्याच्या टँकरचा अर्ज केला. तोही नामंजूर. जागा निर्दोष असल्याचा अहवाल त्यांच्याकडे होता. त्याची प्रत त्यांनी आम्हालाच पाठवली.

गेल्या महिन्यात भावाने विहीर झाकायला बोलावलं. काठोकाठ भरली, की गुरं तोंड घालायची म्हणून. वहिनी हंडा घेऊन पाड्याकडे निघाली होती. आमच्याकडे न बघता बांधावरून गेली. एका बाजूने त्याने पत्रा धरला, दुसऱ्या बाजूने मी. त्याने टोमणा मारावा म्हणून मी वाट बघत होतो. एरवी तो एक संधी सोडत नाही.

‘‘दादा, जरा तुझ्याकडं ओढ,’’ एवढंच म्हणाला.

मी ओढला. त्याने चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि हात धुवायला पाणी नव्हतं म्हणून ते लेंग्याला पुसले.