गाडीकाकांचा अर्धा तास

गाडीकाकांना माणसांपेक्षा इंजिनं लवकर ओळखू येत. मेसमध्ये आमटी ओरपता ओरपता ते रस्त्यावरच्या पिकअपचा आवाज ऐकून "हिचा फॅनबेल्ट सैल झालाय" असं सांगत, आणि समोरच्याने आपलं नाव तिसऱ्यांदा सांगितलं तरी त्याला "तू रे, बाबा" म्हणत.

काका मूळचे चिपळूणकडचे, आखातात अल खफजीला आमच्या तेलकंपनीच्या गॅरेजात मेकॅनिक. आम्हा कामगारांच्या कॅम्पला स्वतःचा एक रेडिओ होता, कुंपणापलीकडे कुत्र्यालाही ऐकू न जाणारा. त्यावर दर शुक्रवारी अर्धा तास काका गाड्यांवर बोलत. हिंदी अशी की लखनौच्या माणसाने कानात बोटं घालावीत. "भाईलोग, पहले सुनने का, बाद में खोलने का!" तेलाचा पैसा वाहत होता, जो तो जुनी गाडी घेत होता, त्यामुळे काकांचा भाव वधारला होता. रेडिओवर बोलायला ते इस्त्रीचा शर्ट घालून जात. तो कोणाला दिसत नाही हे त्यांना सांगायची आमची छाती नव्हती. त्या अर्ध्या तासावर त्यांचा फार जीव होता.

लोक बिघडलेल्या इंजिनाचा आवाज कॅसेटवर भरून देत, काका तो रेडिओवर वाजवून दुखणं सांगत. एकदा जाधव वेल्डरला कोरी कॅसेट मिळेना. बायकोने गावाहून पत्राऐवजी बोलून पाठवलेली जुनी कॅसेट होती, तिच्यावरच त्याने इंजिन भरलं. काकांनी ती लावली. दोन मिनिटं घरघर झाली आणि मग बाईचा आवाज आला, "घर बांधायचं राहू द्या. पोरगी टेपलाच बाबा म्हणायला लागलीय. तुम्ही या."

मेसमध्ये कोणी घास उचलला नाही. काकांनी बटण दाबलं नाही. कॅसेट संपेपर्यंत वाजली.

शनिवारी कंपनीच्या साहेबाने काकांना बोलावलं. बंद का नाही केली?

"साब, औरत बोल रही थी. बीच में कैसे तोडेगा?"

साहेबाला हे पटण्यासारखं नव्हतं. कार्यक्रम खलास.

जाधव तोंड लपवत आला. "काका, माझ्यामुळे तुमचं गेलं."

"गेलं तर गेलं. तू आधी ऑफिसात जाऊन सुट्टी माग. यल्ला, चल नीघ!"

जाधव महिन्याभरात गावी गेला. काका गॅरेजातच राहिले. चार वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपलो. काकांना घरून एकही कॅसेट आल्याचं मला आठवत नाही. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि याची मला अजून लाज वाटते.