वैशाली गप्प बसली, त्याचा अर्थ

सीताफळांची पिशवी टेबलावर ठेवून रावसाहेबमामा म्हणाले, “पोराला काय झालतं, तेवढं सांग. मग निघतोच मी.”

टेबल नर्सिंग स्टेशनचं होतं. पलीकडे वैशाली उभी होती. मेडिकल वॉर्डची स्टाफ नर्स, मामांची सख्खी भाची, गाव देवगाव रंगारी. मी त्या हॉस्पिटलची नर्सिंग सुपरिंटेंडेंट होते आणि राउंडला आले होते.

मामांच्या मुलीची, आरतीची, सोयरीक मुकुंदवाडीच्या एका मुलाशी जमत आली होती. मुलगा कंपनीत नोकरीला, घर स्वतःचं. तो पूर्वी वैशालीच्या वॉर्डात ॲडमिट होता, एवढंच मामांच्या कानावर आलं होतं.

“मामा, पेशंटचं बाहेर सांगता येत नाही.”

“मी बाहेरचा हाय व्हय?”

“कुणालाच सांगत नाही मी. आईलासुद्धा नाही.”

“तुझ्या आईला सांगूच नको. सांजच्याला गावभर होईल.” मामा हसले. “मला सांग.”

“तुम्ही त्यालाच विचारा ना.”

“असं कोण विचारतं, बाई? उठून जातील ते बैठकीतून.”

वैशाली पुढे काही बोलली नाही. पेशंटची माहिती त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही द्यायची नाही, याला आम्ही कॉन्फिडेन्शिॲलिटी म्हणतो. तिच्या बॅचला हा विषय मीच शिकवला होता. (हे लिहितानाही मुलाची आणि आरतीची परवानगी घेतली आहे. नावं बदलली आहेत.)

मुलाला फिट येत असे. गोळ्या वेळेवर घेतल्या तर बहुतेकांची नोकरी, संसार सगळं नीट चालतं. याचंही चाललं होतं.

मामा गेल्यावर वैशाली माझ्या केबिनमध्ये आली.

“मॅडम, आरतीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. काय करू?”

“तू सांगायचं नाहीस. त्यानं सांगायला पाहिजे.”

नियमात तेवढी वाट आहे. आम्ही फिजिशियनशी बोललो. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मुलाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं की लग्नाआधी मुलीला हे कळलंच पाहिजे. मुलगा म्हणाला, “सांगतो सर.” नंतर कळलं, त्यानं ते आईवर सोपवलं आणि आईनं सांगितलं नाही.

मामा त्या दिवशी रागावून गेले नव्हते. याचा विचार आम्ही करायला हवा होता. काही वाईट असतं तर भाचीनं सांगितलंच असतं, असा त्यांनी अर्थ लावला. वैशालीच्या गप्प बसण्यावर त्यांनी सुपारी फोडली.

लग्नात वैशाली करवली म्हणून मिरवली. घरात पाहुणे भरलेले, म्हणून मुलानं गोळ्या दडवून ठेवल्या, मग घ्यायच्याच राहिल्या. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी, नाश्ता करताना त्याला फिट आली. आरती आणि दीर त्याला रिक्षात घालून आमच्याकडे घेऊन आले. कॅज्युअल्टीत माणसं कमी होती, म्हणून त्या सकाळी वैशालीला तिथे पाठवलं होतं.

डॉक्टरांनी मुलाला ओळखलं. “गोळ्या कधी बंद केल्या?”

“कसल्या गोळ्या?” आरतीनं विचारलं.

वैशाली सलाईन लावत होती. आरती तिच्याकडे बघत राहिली.

“ताई, तुला ठावं होतं?”

“त्यांना कुशीवरच राहू दे,” वैशाली म्हणाली. “हात धर इथं. सुई हलायला नको.”

मामा दुसऱ्या दिवशी थेट माझ्याकडे आले.

“हे असं शिकवलं कुणी तिला?”

“मी.”

“तुमच्या लेकीचं लग्न असतं तर?”

“तरी हेच सांगितलं असतं.”

“मग मॅडम, तुमच्या घरी सोयरीक करताना लोकांनी इचार करावा.”

एवढं बोलून मामा निघून गेले.

मुलगा बरा आहे. गोळ्या आरती स्वतः देते, त्यानंतर त्याला फिट आलेली नाही. संसार मोडला नाही. मोडलं ते दुसरीकडे. त्या वर्षी भाऊबीजेला मामा देवगावला गेले नाहीत. वैशालीची आई ताट करून संध्याकाळपर्यंत बसली. त्यानंतर तिनं ताट केलं नाही.

दोघं तपासणीला येत राहिले. वजन, बीपी वैशालीच घ्यायची. आरती नीट उत्तरं द्यायची. फक्त वैशालीला आता ती ताईऐवजी मॅडम म्हणायची.

काही दिवसांनी वैशालीचा बदलीचा अर्ज आला. तिला ओटी हवी होती, म्हणजे ऑपरेशन थिएटर. मेडिकल वॉर्डला तिच्याइतकी चांगली नर्स माझ्याकडे दुसरी नव्हती. नवीन पेशंट तिच्याशी पाच मिनिटांत मोकळा व्हायचा.

“ओटीच का?” मी विचारलं.

“तिथं पेशंट झोपलेला असतो मॅडम. अन् नातेवाईक बाहेर.”

मी सही केली.

नर्सिंग कॉलेजात अजून मी हा विषय शिकवते. वैशालीचं बरोबर होतं, असंच सांगते. परीक्षेत त्याला पूर्ण मार्क आहेत. बरोबर वागून घरी गेल्यावर पुढे काय करायचं, ते सिलॅबसमध्ये नाही आणि मलाही माहीत नाही.