घाईची गोळी

लावणीच्या दिवसांत मी सुखात असायची. गुडघाभर चिखलात उभं राहायचं, वरून पाऊस, डोक्यावर इरलं, आणि कमरेखाली सगळ्याच बायका निथळत असायच्या. कुणाचं लुगडं कशानं भिजलंय हे देवालासुद्धा कळलं नसतं. माझी पंचाईत व्हायची ती भात कापून घरात आल्यावर, कोरड्या दिवसांत.

धाकटीच्या बाळंतपणानंतर हे सुरू झालं. लघवीची घाई लागली की लागली. मागच्या न्हाणीकडे धावत जावं, दाराच्या कडीला हात घालावा, आणि तिथंच सगळं संपावं. हंड्यात पाणी पडल्याचा आवाज आला तरी तीच तऱ्हा. मी आत जुन्या कापडाच्या घड्या घ्यायची आणि लग्नाच्या पंगतीत बसायचं टाळायची. बायका म्हणायच्या, हिला भारी मिजास. मी म्हणायची, "हाय मिजास! तुमच्या बापाचं काय जातंय?" बोलायला मी कधीच कमी नव्हते. खरं तेवढं बोलता यायचं नाही.

आमचे घरवाले मुंबईला गोदीत कामाला. गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचे आणि जाताना दर खेपेला म्हणायचे, "ये की गो चार महिने. पोरांना आई बघेल." माझी सबब तयार असायची. कधी सासूचे गुडघे, कधी म्हैस गाभण. पुढे पुढे मला त्या म्हशीचीच दया यायला लागली, बिचारी बारा महिने गाभण! खरं कारण एवढंच, की आख्खा दिवस एसटीत बसायचं कसं? आणि चाळीत राहून आलेल्या बायका सांगायच्या, संडास गॅलरीच्या पार टोकाला, वर त्याला रांग. रांगेत उभी राहणारी मी!

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. गणपती बोळवून झाले आणि पिशवी भरता भरता हे म्हणाले, "गावकीची खोली, ती गावच्या पंधरा-वीस गड्यांची, सोडलीय मी. आपली वेगळी घेतलीय. तुला यायचंच नसेल तर तसं सांग. मी नाय पुन्हा विचारणार." आवाज चढला नाही, काही नाही. रागावले असते तर चार शब्द ऐकवून मी मोकळी झाले असते. ते गेले आणि मी दारातच उभी राहिले. हा माणूस खरंच विचारायचा थांबला तर?

त्याच आठवड्यात मी रत्नागिरीला लेडी डॉक्टरांकडे गेले. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांच्यापुढे खाली मान घालून एका दमात सांगून टाकलं. त्यांनी तपासलं, लघवीही तपासून घेतली. जंतू नव्हते. म्हणाल्या, "तुमची लघवीची पिशवी चिडखोर झालीय. जरा भरली की लगेच आकसते."

"मग माझीच ती," मी म्हटलं. बाई खळखळून हसल्या. सकाळ-संध्याकाळ घ्यायची गोळी लिहून दिली आणि मग दटावलं, "पाणी पिणं तोडलंयत ना? ते आधी सुरू करा. आणि घाई लागली की धावायचं नाही, जागच्या जागी दम धरायचा." मी मनात म्हटलं, बाई गो, दम धरता आला असता तर तुमच्या दारात कशाला आले असते?

गोळीनं पहिलं काय केलं असेल तर तोंडाला कोरड. जीभ टाळूला चिकटून बसायची. सासूला उलट उत्तर द्यायला तोंड उघडावं तर शब्द फुटेना. "बरं नाय का गो तुला?" म्हणून म्हातारी घाबरी झाली. अंगदुखीची गोळी आहे असं मी तिला सांगितलं आणि गालात आमसूल धरून बसले. सुईत दोरा ओवताना धूसर दिसायचं, त्याचा वैताग वेगळाच. रागाच्या भरात गोळ्या बंद केल्या, तर लुगडं पुन्हा ओलं. परत डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, आणि संध्याकाळची अर्धी केली. मग मात्र जमलं. एका सकाळी हंडा भरून झाला, कडेवर घेतला, तेव्हा लक्षात आलं की मी कोरडी आहे. मी तशीच उभी राहून हसत होते, मेली वेड्यासारखी.

पण मुंबईच्या गाडीची धास्ती होतीच. म्हणून एक दिवस काही काम नसताना एसटीनं रत्नागिरीला गेले, स्टँडवर मुद्दाम कपभर चहा प्यायले आणि त्याच गाडीनं परत निघाले. कंडक्टर म्हणाला, "काय काकी, घरी काय विसरलात?"

"काय नाय. हवा खायला आलेली," मी म्हटलं. गाडी खडखडत होती आणि मी खिडकीत राणीसारखी बसले होते. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

दिवाळी झाल्यावर मी यांना कार्ड टाकलं, येतेय म्हणून. सकाळची गाडी धरली. चिपळूणला उतरले, महाडला उतरले, चार माणसं उतरतात तशीच. संध्याकाळी हे घ्यायला आले होते. चाळीचा जिना चढलो आणि हे गॅलरीतून पुढे पुढे चालत राहिले. एकेक दार मागे पडत होतं आणि वास वाढत होता. अगदी शेवटच्या दाराशी थांबून यांनी कुलूप काढलं. पलीकडे संडासच.

माझं डोकंच फिरलं. "ही कसली खोली घेतलीत? तुमच्या नाकाला झालंय काय?"

"कोण घेत नव्हता ही," बोचकं खाली ठेवत हे म्हणाले.

"मग तुमीच का घेतलीत?"

"तुला लांब पडू नये म्हणून."

मी हळूच विचारलं, "तुमाला सांगितलं कुणी?"

"सांगायला कशाला हवं? दर गणपतीत बघतोय, न्हाणीकडे धावतेस ती."

"मग बोलायचं नाय?"

"तू तरी कुठं बोललीस?"

मी गोळ्यांची पुडी काढून यांच्या हातावर ठेवली. म्हटलं, "ह्या घेते मी आता. जिन्याकडच्या त्या टोकाच्या खोलीतूनसुद्धा पोचेन."

पुडी उलटीसुलटी करून बघितली यांनी. "मग बदलूया काय खोली?"

"राहू दे," मी म्हटलं, आणि पदर तोंडाला लावून रडले. वासामुळे लावलाय असं समजून यांनी खिडकी उघडली.